एका फ्लॉपीवर डीएनसी: उद्यमबागेतल्या जुन्या व्हीएमसीच्या नोंदी

८ जून २०२४

काम असं आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका जॉब शॉपमध्ये (ऑर्डरप्रमाणे भाग कापून देणारं वर्कशॉप) नव्वदच्या दशकातलं व्हीएमसी आहे, म्हणजे उभ्या स्पिंडलचं, प्रोग्रामवर चालणारं कापायचं मशीन. कंट्रोल (मशीन चालवणारा संगणक) फॅनक कंपनीचा, जुन्या मालिकेतला. स्पिंडल ठीक आहे, स्लाइड चांगल्या आहेत आणि मालकांना मशीन विकायचं नाही. बेळगावच्या फौंड्रींसाठी ॲल्युमिनियमचे पॅटर्न आणि कोअर बॉक्स (ओतकामाचे साचे बनवायचे नमुने आणि डबे) यावर निघतात.

अडचण मेमरीची आहे. पॅनेलवर मेमरी मीटरमध्ये लिहिलेली असते, इथे ८० मीटर. हे माप कागदी टेपचं: इंचाला दहा अक्षरं, म्हणजे ८० मीटरला साधारण साडेएकतीस हजार अक्षरं. ड्रिलिंगच्या प्रोग्रामला एवढं भरपूर होतं. कोअर बॉक्सच्या पृष्ठभागाचा प्रोग्राम मात्र ९०० केबीच्या घरात जातो. त्यामुळे शेजारच्या पीसीवरून सीरियल केबलने ओळी थोड्याथोड्या पाठवत राहायचं आणि मशीनने त्या कापत जायचं. यालाच डीएनसी म्हणतात. त्या पीसीची हार्ड डिस्क गेली आणि काम थांबलं.

पीसी जुना पेंटियम, १६ एमबी रॅम. यूएसबीवरून बूट होत नाही, सीडी ड्राइव्ह नाही. चालतो तो फ्लॉपी ड्राइव्ह आणि सीरियल पोर्ट. नवा पीसी का नाही? त्याला सहसा सीरियल पोर्ट नसतो, कन्व्हर्टर लावावा लागतो आणि बिडाच्या धुळीत त्याचा पंखा किती दिवस चालेल ते सांगता येत नाही. मालक म्हणाले, "आहे त्यात बसवून बघा की. नाही जमलं तर मग बघू."

तेव्हा ठरलं ते असं: डॉस, पाठवणारा प्रोग्राम, एडिटर आणि जॉबच्या फाइली, सगळं एका फ्लॉपीत.

९ जून

आधी हिशेब. फ्लॉपीवर १.४४ एमबी छापलेलं असतं. प्रत्यक्षात ८० ट्रॅक, दोन बाजू, ट्रॅकला १८ सेक्टर, सेक्टरला ५१२ बाइट. एकूण २८८० सेक्टर, १४,७४,५६० बाइट. त्यातला एक सेक्टर बूटचा, १८ फाइल-तक्त्याच्या दोन प्रतींचे आणि १४ मूळ डिरेक्टरीचे. हे ३३ वजा केले की हातात २८४७ सेक्टर, म्हणजे १४,५७,६६४ बाइट उरतात.

मूळ डिरेक्टरीत नोंदी फक्त २२४. लांब नावाच्या फाइलीला एकापेक्षा जास्त नोंदी लागतात, दर १३ अक्षरांमागे एक जादा. जुन्या फाइलींची नावं "हाउसिंग फायनल नवीन २" अशी होती. आता सगळ्या फाइली प्रोग्रामच्या ओ-नंबरने, आठ अक्षरांच्या आत. कंट्रोलवरही तोच नंबर दिसतो, त्यामुळे ऑपरेटरला शोधाशोध नाही.

१२ जून

फ्लॉप्या मिळवणं हेच मोठं काम निघालं. सोनीने २०११ च्या मार्चमध्ये जपानमधली विक्री बंद केली. आता बाजारात आहे तो जुना साठा. एका स्टेशनरीच्या दुकानात दहाचा बंद डबा मिळाला, ४०० रुपये. डबा बंद असला तरी निम्म्याहून जास्त फ्लॉप्यांवर फॉरमॅट करताना खराब सेक्टर आले.

घेण्यापूर्वी बघायची एक गोष्ट. पत्र्याचं झाकण बोटाने सरकवा, मधली चकती हळूहळू फिरवा आणि उजेडात तिरकी धरा. चांगली चकती एकसारखी काळपट-तपकिरी दिसते. आमच्या काहींवर पांढुरके ठिपके होते, कडेला जाळीसारखे पसरलेले. ती बुरशी. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर ठिपका हेडला चिकटतो आणि पुढची चांगली फ्लॉपीही खरवडली जाते. आमच्या एका ड्राइव्हचं तसंच झालं. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने पुसल्यावर परत वाचायला लागलं. बेळगावच्या पावसाळ्यात उघड्या कपाटातली फ्लॉपी वापरायची असेल तर आधी ही तपासणी. एकही खराब सेक्टर दाखवणारी फ्लॉपी बाजूला, "बाकीची तर चालते" म्हणून ठेवायची नाही.

१६ जून

बूटसाठी फ्रीडॉस घेतला. मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉस गुंडाळायचं ठरवल्यावर जिम हॉल यांनी १९९४ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. फुकट आहे आणि १.३ आवृत्ती २०२२ ची, म्हणजे अजून कोणीतरी त्याकडे बघतंय. पूर्ण संच लागत नाही. कर्नल, कमांड.कॉम, वरच्या मेमरीचा ड्रायव्हर, रॅम डिस्कचा (रॅमचा तुकडा डिस्कसारखा वापरायचा) एक छोटा ड्रायव्हर, एक छोटा एडिटर, फॉरमॅट आणि सिस (फ्लॉपी बूट होण्याजोगी करणारी कमांड). सगळं मिळून सव्वादोनशे केबीच्या आत बसलं. जॉबसाठी बाराशे केबी उरले.

आकार कमी करायच्या नादात मी यूपीएक्सने (हे प्रोग्रामच्या फाइली दाबून लहान करतं) हे प्रोग्राम दाबूनही बघितले. काही केबी वाचले. काढून टाकलं. जागा खातात त्या जॉबच्या फाइली, चार केबीने काही होत नाही.

बॅटरी संपल्यामुळे पीसी रोज सकाळी तारीख आणि फ्लॉपीचा प्रकार विसरायचा आणि कळ दाबेपर्यंत थांबायचा. सीआर २०३२ चं नाणं बदललं, प्रश्न मिटला.

१९ जून

पहिला प्रयत्न अगदी साधा होता. मोड कमांडने पोर्ट ४८०० बॉड (सेकंदाला ४८०० बिट), सम पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट), सात बिट, दोन स्टॉप बिट असा लावला आणि कॉपी कमांडने फाइल पोर्टवर सोडली. कंट्रोलने ८६ नंबरचा अलार्म दिला: समोरचं उपकरण तयार असल्याची खूण मिळत नाही. जुन्या केबलमधले जंपर (एकाच जोडातल्या पिना एकमेकींना जोडणाऱ्या तारा) तुटले होते.

केबल नव्याने बांधली. पीसीकडे ९ पिनचा, कंट्रोलकडे २५ पिनचा जोड. पीसीची २ ला २, ३ ला ३, ५ ला ७. पीसीच्या बाजूला ७-८ एकत्र आणि १-४-६ एकत्र. कंट्रोलच्या बाजूला ४-५ एकत्र आणि ६-८-२० एकत्र. इथे २ ला २ बघून कोणी "हे उलटं पाहिजे" म्हणेल, पण ९ आणि २५ पिनच्या जोडात पाठवायची आणि घ्यायची पिन आधीच उलट असते. जोड लावताना आणि काढताना दोन्हीकडची लाइट बंद. चालू मशीनवर केबल ओढली तर पोर्टचा चिप जातो आणि त्या कंट्रोलचा बोर्ड आता कुठून आणणार?

८६ गेला, ८७ आला. म्हणजे कंट्रोलची बफर (आलेली अक्षरं तात्पुरती ठेवायची जागा) भरून वाहिली. कारण उघड आहे. कॉपी कमांड फक्त तारांवरची खूण बघते आणि ती खूण आपणच जंपर लावून कायमची "होय" करून ठेवली आहे. कंट्रोल "थांब" म्हणतो ते एका अक्षराने, डीसी३ म्हणजे १९ नंबरचं अक्षर पाठवून. "चालू कर" म्हणायला डीसी१, म्हणजे १७. कॉपी कमांड हे ऐकतच नाही.

२३ जून

पाठवणारा प्रोग्राम टर्बो सीमध्ये (डॉसवरचं सी भाषेचं जुनं साधन) लिहिला. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी त्या निळ्या पडद्याला कंटाळलो होतो, इथे तोच उपयोगी पडला. काम एवढंच: पोर्ट लाव, डीसी१ येईपर्यंत थांब, मग एकेक अक्षर सोड, डीसी३ आला की थांब.

पोर्टची मांडणी करणाऱ्यांसाठी: कॉम१ चा पत्ता ३एफ८. ४८०० बॉडसाठी भाजक २४, कारण १,१५,२०० भागिले ४८०० म्हणजे २४. सात बिट, सम पॅरिटी, दोन स्टॉप बिट यासाठी लाइन कंट्रोल रजिस्टरमध्ये दशमानात ३०.

तरीही ८७ येतच होता. रोज नाही, कधीतरी, लांब प्रोग्रामच्या मध्येच. त्यात बराच वेळ गेला. शेवटी कारण पोर्टच्या चिपमध्ये सापडलं. १६५५० चिपमध्ये सोळा अक्षरांची रांग असते. प्रोग्राम डीसी३ मिळताच थांबत होता, पण आधीच रांगेत टाकलेली अक्षरं चिप आपल्या मनाने सोडत होती. कंट्रोलच्या बफरमध्ये थोडीच जागा उरली असेल तर तेवढ्याने ती वाहते. रांग बंद केली, एका वेळी एकच अक्षर दिलं. ४८०० बॉडला पेंटियमला एवढं काहीच नाही. त्यानंतर ८७ दिसलेला नाही.

प्रोग्राम ११ केबी झाला.

३० जून

आता जॉबची फाइल. ९०० केबीची फाइल बाराशेत बसते, पण एकच. रफिंग (आधीची जाड कापणी) आणि फिनिशिंग (शेवटची बारीक कापणी) दोन्ही ठेवायचे तर जागा नाही. झिप करायचा विचार आधी आला, आकार खूप उतरतो. सोडून दिला. झिपमध्ये एक सेक्टर गेला तर पुढची सगळी फाइल हातची जाते. साध्या मजकुरात गेला तर ५१२ अक्षरं जातात आणि कुठली गेली ते डोळ्यांनी दिसतं.

म्हणून फाइलच बारीक केली. कॅमच्या सॉफ्टवेअरने (डिझाइनवरून मशीनचा प्रोग्राम काढणारं) काढलेली एक ओळ अशी असते:

एन१०२५० जी०१ एक्स२५.३०० वाय-१२.४५० झेड-३.२०० एफ८००

मशीनच्या लिपीत मोजली तर ४० अक्षरं आणि ओळ संपवायची दोन, एकूण ४२. यातला जी०१ (सरळ रेषेत कापायचा कोड) मागच्या ओळीतच लागू झालेला आहे, एफ८०० (फीड, म्हणजे कटर सरकायचा वेग, मिनिटाला ८०० मिलिमीटर) पण. ओळीचा नंबर कापायला लागत नाही. मोकळ्या जागा कंट्रोल वाचतच नाही. दशांशामागची शून्यं फुकट. ओळ संपवायला दोनऐवजी एक अक्षर पुरतं. उरतं ते:

एक्स२५.३वाय-१२.४५झेड-३.२

१८ अक्षरं. फाइल ९०० वरून ४०० केबीच्या आसपास आली.

हे जागेसाठी केलं, पण खरा फायदा दुसरीकडेच झाला. बैलहोंगलकडचा पहिल्या पाळीचा ऑपरेटर हार्ड डिस्क जाण्याआधीपासून तक्रार करत होता, "सर, फिनिशिंगला हे टुकूटुकू चालतंय की ओ. फीड वाढवली तरी वाढत नाही." ४८०० बॉडला एका अक्षरामागे अकरा बिट जातात: एक सुरुवातीचा, सात अक्षराचे, एक पॅरिटीचा, दोन शेवटचे. सेकंदाला ४३६ अक्षरं. ४२ अक्षरांच्या ओळी सेकंदाला दहा पोचतात. वक्र भागात एका ओळीमागे कटर ०.२ मिलिमीटर सरकतो. म्हणजे मिनिटाला १२५ मिलिमीटरच्या आसपास, पुढे काही झालं तरी नाही. एफ८०० नुसता लिहायला. कटर ओळीची वाट बघत थांबतो, परत हलतो, त्याच्या खुणा ॲल्युमिनियमवर उमटतात आणि मग पॅटर्न शॉपमधले मामा पॉलिश पेपर घेऊन बसतात.

१८ अक्षरांच्या ओळी सेकंदाला चोवीस पोचतात, तीच फीड २९० वर जाते. पूर्ण फाइल पोचायला ३५ मिनिटं लागत होती, आता १६. पृष्ठभाग हाताला कळण्याइतका गुळगुळीत आला. येळ्ळूरचे मामा बोट फिरवून एवढंच म्हणाले, "आता जरा बरं हाय."

ज्यांच्याकडे मेमरीही आहे आणि पीसीही चांगला आहे, त्यांनीही ही बारीक करायची युक्ती लावून बघावी.

३ जुलै

शून्यं काढताना एक धोका आहे, तो वेगळा लिहितो. २५.००० मधली शून्यं काढली की "२५." उरलं पाहिजे, टिंबासकट. टिंबही गेलं तर हा कंट्रोल २५ म्हणजे २५ मायक्रॉन समजतो, ०.०२५ मिलिमीटर. चाळणीच्या, म्हणजे फाइल बारीक करणाऱ्या प्रोग्रामच्या, पहिल्या आवृत्तीत टिंब जात होतं. झेड वर उचलून हवेत चालवताना ऑपरेटरला दिसलं की टेबल कोपऱ्यापर्यंत जायच्या जागी जागच्या जागीच थरथरतंय. जॉब बांधलेला नव्हता, कटर वाचला. बारीक केलेली कुठलीही फाइल पहिल्यांदा हवेतच चालवायची.

दुसरा आक्षेपही त्याचाच, आणि बरोबर. "नंबर सगळे काढला तर टूल मोडल्यावर कुठून चालू करू ओ?" म्हणून कटर वर उचलून नवी फेरी सुरू होते तिथे नंबर परत घातला आणि ती ओळ पूर्ण ठेवली: जी-कोड, तिन्ही अक्ष, फीड. मधूनच चालू केलं तरी कंट्रोलला मागचं काही आठवायची गरज पडत नाही. आकार जेमतेम दहा-बारा केबी वाढला.

जी०१ काढतानाही सरसकट काढायचा नाही. मध्ये जी०० (न कापता वेगाने सरकणं) किंवा जी०२ (गोल काप) आला असेल तर परत लिहावा लागतो. चाळणी मागचा कोड लक्षात ठेवते, बदलला तरच लिहिते. टूल बदलल्यावर सगळं विसरते आणि पूर्ण ओळ लिहिते. ड्रिलिंगच्या सायकल असलेल्या प्रोग्रामला ही चाळणी लावत नाही, ते तसेही छोटे असतात. पहिलं आणि शेवटचं टक्क्याचं चिन्ह आणि ओ-नंबर जसेच्या तसे.

७ जुलै

फ्लॉपीवरून वाचत वाचत पाठवायचं नाही, हे आधीपासून ठरलं होतं. मध्ये सेक्टर वाचला गेला नाही तर कटर धातूत थांबतो आणि तिथे खड्डा पडतो. म्हणून बूट होताच चार एमबीची रॅम डिस्क तयार होते, सगळ्या जॉबच्या फाइली तिथे कॉपी होतात आणि पाठवणं तिथूनच. खराब सेक्टर असेल तर कॉपी करतानाच कळतं, कटर जॉबला लागायच्या आधी. चूक आली की पीसी लांब बीप देतो आणि मेन्यू उघडतच नाही.

फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे फिरते, फेरीला एक ट्रॅक म्हणजे ९ केबी, म्हणजे जास्तीत जास्त सेकंदाला ४५ केबी. बाराशे केबीला अर्धा मिनिट धरा, प्रत्यक्षात दुप्पट लागतो. तेवढ्यात ऑपरेटर व्हाइस पुसून घेतो. कॉपी झाली की फ्लॉपी काढून प्लॅस्टिकच्या डब्यात. बिडाचा बुकणा चुंबकाला चिकटतो, तो उघड्या फ्लॉपीजवळ नको.

लाइट गेली की रॅम डिस्क पुसली जाते. जॉबच्या फाइली फ्लॉपीवर आहेतच, पण एडिटरमध्ये केलेला बदल जातो. त्यामुळे एडिटर बंद करताना "फ्लॉपी घाला" असं विचारून परत लिहितो.

१४ जुलै

घरी लॅपटॉपला यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह लावून फ्लॉप्या तयार करत होतो. घरी चालतात, उद्यमबागेत बूट होत नाहीत. मशीनच्या पीसीवर फॉरमॅट केलेली घरी वाचत नाही. दोन्ही ड्राइव्ह आपापल्या फ्लॉप्या व्यवस्थित वाचतात. हेड एकमेकांच्या ट्रॅकवर बसत नाहीत, जुन्या ड्राइव्हचं हेड सरकलेलं असतं. स्क्रू ढिला करून हेड हलवायच्या फंदात पडलो नाही. खानापूर रोडवरच्या भंगारवाल्याकडून शंभर रुपयांना एकेक असे ड्राइव्ह आणले, त्यातला जो लॅपटॉपच्या फ्लॉप्या वाचतो आणि ज्याच्या फ्लॉप्या लॅपटॉप वाचतो तो मशीनच्या पीसीत बसवला.

गोटेक का नाही, असं दोघातिघांनी विचारलं. फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसतो, पेन ड्राइव्हवरच्या फ्लॉपीच्या प्रतिमा (पूर्ण फ्लॉपीची एका फाइलीतली नक्कल) दाखवतो. फ्लॅशफ्लॉपी हे मुक्त फर्मवेअर घातलं की चांगला चालतो. तो घेणारच आहे. पण प्रत्येक प्रतिमा १.४४ एमबीचीच असते, म्हणून हा सगळा खटाटोप तिथेही तसाच लागतो. आता तयार केलेली प्रतिमा उद्या गोटेकवर तशीच जाईल.

२१ जुलै

मेन्यू. डॉसच्या पडद्यावर देवनागरी किंवा कन्नड उमटवायचं तर अक्षरांचे नकाशे लोड करावे लागतात आणि २५६ चौकटीत जोडाक्षरं बसत नाहीत. सोडून दिलं. रोमन अक्षरांत दोन्ही भाषा लिहिल्या: १ पाठवा / कळिसु, २ थांबवा / निल्लिसु, ३ फाइल बघा / नोडु. पाळी कोणाचीही असो, विचारायला फोन येत नाही.

प्रत्येक पॅटर्नच्या तीन प्रती: एक मशीनजवळ, एक ऑफिसच्या कपाटात सिलिका जेलच्या पुडीसोबत, एक प्रतिमेच्या रूपाने माझ्या लॅपटॉपवर. मशीनजवळची महिन्याने बदलायची, चालत असली तरी.

२८ जुलै

दोन पाळ्यांत पूर्ण कोअर बॉक्स निघाला, रफिंग आणि फिनिशिंग एकाच फ्लॉपीवरून. मध्ये एकदा लाइट गेली. शेवटच्या नंबराच्या ओळीपासून परत चालू केलं, जोड दिसत नाही.

राहिलेलं काम: ९६०० बॉड. लावून बघितलं तर ८५ चा अलार्म येतो, म्हणजे अक्षर बिघडून पोचतंय, आणि तेही शेजारी वेल्डिंग चालू असतानाच. केबल १८ मीटर आहे आणि वेल्डिंगच्या तारेला लागून गेली आहे. या प्रकारच्या केबलला १५ मीटरची मर्यादा धरतात. पीसी मशीनच्या दुसऱ्या बाजूला हलवून, शील्ड असलेली १० मीटरची केबल छताकडून आणायची आहे. शील्ड एकाच टोकाला, कंट्रोलकडे, अर्थ करणार. तोपर्यंत ४८०० वरच चालू ठेवलंय.